न पाहिलेल्या कामाची सही

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

नमस्कार काका,
मी एकोणतीस वर्षांचा, डोंबिवलीचा. विमानाच्या दुरुस्तीवर सही करता येणारं बी-वन लायसन्स हातात येऊन तीन वर्षं झाली. विमानतळावरच्या एका मेंटेनन्स कंपनीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात माझ्या रात्रपाळीत एका विमानाला मागच्या सर्व्हिस दरवाजाजवळ केटरिंगच्या हाय-लिफ्ट गाडीने धडक दिली. स्किनला, म्हणजे बाहेरच्या पत्र्याला, खड्डा पडला, एक चीरही गेली. मी जाऊन पाहिलं, फोटो काढले, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद केली, विमान ग्राउंड केलं. दुसऱ्या दिवसापासून बहिणीच्या लग्नासाठी माझी सुट्टी होती. परत आलो तेव्हा पॅच बसलेला, वर रंग झालेला, आतलं लायनिंग बंद. साहेब म्हणाले, "कार्ड तुझ्या नावावर उघडलंय, सही टाक, सकाळची फ्लाइट आहे." कार्डावर दुरुस्तीची एकच ओळ होती: "डॅमेज रिपेअर्ड अ‍ॅज पर एसआरएम." एसआरएम म्हणजे विमानाच्या दुरुस्तीचं मॅन्युअल. मी सही केली. त्यात आतल्या फ्रेम, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या कड्या, तपासल्याची पायरी होती, तीही माझ्याच शिक्क्याने बंद झाली. मी त्या फ्रेम पाहिलेल्या नाहीत. विमान तेव्हापासून रोज उडतंय.
आता रेकॉर्डवाले विचारतायत, आतल्या तपासणीचा रिपोर्ट कुठे आहे? साहेब म्हणतात, मागची तारीख घालून लिहून दे, फ्रेम चांगल्या होत्या, मी स्वतः पाहिल्यात. मला ड्रिल धरायला साहेबांनीच शिकवलं. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. माझ्या डोक्यावर घराचा हप्ता. काय करू? आणि पुढे काही झालंच तर जबाबदार कोण? मी, साहेब की कंपनी?
एक एएमई (विमान देखभाल अभियंता), डोंबिवली

उत्तर:

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुला उलट मेल टाकला होता. तो इथे पुन्हा देतो, कारण याच अवस्थेतले आणखी दोघं-तिघं हे सदर वाचत असणार. मेलमध्ये म्हटलं होतं: हप्ता, साहेब, जबाबदारी, सगळं नंतर. आज ड्युटीवर असलेल्या क्वालिटीच्या माणसाला आधी फोन कर, मग लेखी दे. मजकूर असा: "अमुक नंबरच्या टास्क कार्डावर आतल्या फ्रेमच्या तपासणीची पायरी माझ्या शिक्क्याने बंद झाली आहे. ती तपासणी मी केलेली नाही. कुणी केल्याची लेखी नोंद मला सापडलेली नाही. पुढच्या उड्डाणाआधी ती व्हावी." त्यात साहेबांचं नाव नको, "माझी दिशाभूल झाली" नको, रडगाणंही नको. एक प्रत विमान कंपनीच्या कॅमोला, म्हणजे विमान उडायला योग्य आहे की नाही याचा हिशेब ठेवणाऱ्या विभागाला.

एवढी घाई कशाला, असं हँगरबाहेरच्या वाचकांना वाटेल. विमानाची स्किन म्हणजे बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पत्रा. पस्तीस हजार फुटांवर आतली हवा त्या पत्र्याला दर चौरस मीटरला जवळपास सहा टनांच्या जोराने बाहेर रेटत असते. प्रत्येक उड्डाणात एकदा फुगायचं, एकदा बसायचं. गाडीची धडक बसली की पत्रा वाकतो आणि बराचसा परत येतो. आतली फ्रेम किंवा तिला पत्र्याशी जोडणारी क्लिप तेवढी लवचीक नसते, तिला तडा जाऊ शकतो. बाहेरचा खड्डा वाटीएवढा आणि आत मोडतोड हातभर, असं होतं. ती पायरी कार्डावर उगाच नव्हती.

२६ डिसेंबर २००५ ला सिअ‍ॅटलहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एका एमडी-८३ विमानाला जमिनीवर सामान चढवणाऱ्या गाडीचा धक्का बसला होता आणि ज्याच्या हातून बसला त्याने तो कुणालाच सांगितला नाही. विमान सव्वीस हजार फुटांच्या आसपास गेलं आणि तिथे फूटभर लांबीचं भोक पडून केबिनचा दाब गेला. नशिबाने सगळे सुखरूप खाली आले. तुझ्या प्रकरणात धडक निदान नोंदवली गेली आणि ती तूच नोंदवलीस. हे तुझ्या खात्यावर जमा आहे, विसरू नकोस.

आता कार्डावरच्या त्या एका ओळीकडे येतो. ती वाचून मी चष्मा काढून ठेवला, कारण जवळजवळ तशीच ओळ एका अपघाताच्या तपासात निघाली होती.

७ फेब्रुवारी १९८० ला चायना एअरलाइन्सच्या एका ७४७ ची शेपटी हाँगकाँगच्या काई टाक विमानतळावर उतरताना धावपट्टीला घासली. आधी तात्पुरतं काम झालं आणि मे महिन्यात कायमची दुरुस्ती. ओरखडे मर्यादेबाहेरचे असतील तर तेवढा पत्रा कापून काढायचा, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट होतं. इथे ओरखडलेला पत्रा तसाच ठेवून वरून डब्लर, म्हणजे जोडपत्रा, मारला गेला. ओरखडे झाकले गेले. लॉगबुकात नोंद काय? पोटाखालची दुरुस्ती एसआरएमच्या अमुक प्रकरणाप्रमाणे केली. बस्स. पत्रा कुठून कुठवर कापला, डब्लर ओरखड्यांच्या किती पुढे गेला, तपशीलवार काहीच नाही. २५ मे २००२ ला तेच विमान तैपेईहून हाँगकाँगला जाताना पेंगहू बेटांजवळ आकाशातच तुटलं. २२५ माणसं गेली. डब्लरखाली बावीस वर्षं वाढत गेलेल्या भेगा तपासात सापडल्या.

मला त्यातलं काय टोचतं सांगू? बावीस वर्षांत त्या पॅचखालून कितीतरी मेकॅनिक टॉर्च घेऊन गेले असतील. पॅच डोळ्यांना दिसत होता आणि कागद सांगत होता की सगळं मॅन्युअलबरहुकूम आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये पॅचचे फोटोसुद्धा काढले गेले. त्यात कडेला डागांच्या रेघा दिसतात. कागदावर मापं असती तर कुणीतरी पट्टी लावून म्हणाला असता, अरे, हा डब्लर तर ओरखड्यांना पुरतच नाही. मापं नव्हती, त्यामुळे प्रश्नच पडला नाही. तू कार्ड लिहितोस ते आजच्या साहेबांसाठी किंवा उद्याच्या ऑडिटसाठी नाही. वीस वर्षांनी त्या दरवाजाखाली उभा राहणारा, तुला कधीही न भेटलेला कुणीतरी पोरगा ते वाचणार आहे.

जपान एअरलाइन्स १२३ ची गोष्ट तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेली असते, म्हणून लांबवत नाही. १९७८ ला ओसाकात शेपटी घासली. मागच्या प्रेशर बल्कहेडच्या, म्हणजे केबिनचा दाब अडवणाऱ्या भिंतीच्या, दुरुस्तीत एका सलग पट्टीच्या जागी दोन तुकडे बसले आणि रिव्हेटच्या दोन ओळींचं ओझं एकीवर आलं. सात वर्षं, सुमारे १२,३०० उड्डाणं सगळं ठीक वाटलं. १२ ऑगस्ट १९८५ ला ते बल्कहेड हवेत फाटलं आणि ५२० माणसं गेली. ती दुरुस्ती विमान बनवणाऱ्या कंपनीच्याच पथकाने केली होती. "साहेबांनी स्वतः पाहिलंय" याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

आता जबाबदारी. आपल्याकडे लोकांची समजूत अशी की सगळ्यात मोठ्या पगाराचा माणूस जबाबदार. हँगरमध्ये तसं चालत नाही. ज्याने ड्रिल मारलं तो त्याच्या पायरीला जबाबदार. ज्याने पायरी तपासून शिक्का मारला तो तपासणीला. आणि ज्याने शेवटी सीआरएसवर, म्हणजे विमान सेवेत सोडण्याच्या दाखल्यावर, सही केली तो म्हणतो की सांगितलेलं सगळं काम नीट झालंय आणि उड्डाणाला धोका होईल असं काही माझ्या माहितीत राहिलेलं नाही. सीएआर-१४५ चा, म्हणजे मेंटेनन्स कंपन्यांच्या नियमांचा, गाभा हाच. कंपनीची जबाबदारी वेगळी: पुरेशी माणसं, पुरेसा वेळ, अवजारं, मॅन्युअल. सकाळच्या फ्लाइटचा दट्ट्या लावून न पाहिलेल्या कामावर सही मागितली जात असेल तर कंपनीला उत्तर द्यावंच लागेल. साहेबांनी फ्रेम खरंच पाहिल्या असतील तर ती पायरी त्यांच्या शिक्क्याने बंद व्हायला हवी होती. पण त्यामुळे तुझा शिक्का हलका होत नाही. लायसन्स तुझ्या नावावर आहे आणि डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, ते निलंबितही करू शकते, रद्दही करू शकते. गोड बोलून सांगण्यासारखं यात काही नाही.

मागच्या तारखेचा रिपोर्ट तर अजिबात लिहायचा नाही. तुझं गाव असेल, जमीन असेल, तर लगेच कळेल. लॉगबुक म्हणजे विमानाचा सातबारा. तलाठ्याने मागच्या तारखेने फेरफार ओढला तर त्या उताऱ्यावरचा वरचा-खालचा प्रत्येक शब्द संशयास्पद होतो. आज तुझ्याकडे एक चूक आहे: न पाहता सही केली. मागची तारीख घातलीस की ती चूक राहत नाही, बनावट दस्तऐवज होतो, आणि तो तू झोपेत, घाईत, साहेबांच्या दबावाखाली केला असंही म्हणता येणार नाही, कारण ह्यावेळी तू विचार करून, मला पत्र लिहून करतोयस!

नोंद दुरुस्त करायची रीत साधी आहे. चुकीच्या ओळीवर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही, शिक्का आणि आजची तारीख. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, पान फाडणं तर नाहीच. उशिराची नोंद असेल तर तसं सरळ लिहायचं: आज अमुक तारखेला नोंदवत आहे, काम अमुक तारखेचं. कॉम्प्युटरवरचं कार्ड असेल तर बंद झालेलं कार्ड कुणाच्या तरी पासवर्डने उघडायला लावू नकोस, रेकॉर्ड विभागाकडून रीतसर नवीन कार्ड काढून घे. उशिरा लिहिण्याबद्दल बोलणी खावी लागतील. खा.

दुरुस्तीची नोंद कशी हवी? मी आमच्या पोरांना सांगायचो, पंचनाम्यासारखी लिही. खड्डा कुठल्या स्टेशनवर (विमानाच्या लांबीवरचं ठिकाण), कुठल्या दोन स्ट्रिंगरच्या (पत्र्यामागच्या लांब पट्ट्यांच्या) मधे. लांबी, रुंदी, खोली. जवळच्या फ्रेमपासून किती दूर. चीर असेल तर टोकं कशी शोधली, एडी करंट (न दिसणारी भेग शोधणारी विजेची चाचणी) लावला का, कोणी लावला. आत काय पाहिलं, लायनिंग कुठवर काढलं. मॅन्युअलचं प्रकरण, आकृती आणि आवृत्तीची तारीख. पत्रा कुठला, त्याचा बॅच नंबर, सोबतचा रिलीज दाखला. रिव्हेटचा पार्ट नंबर, ओळी किती. नुकसान एसआरएमच्या मर्यादेबाहेर असेल तर विमान बनवणाऱ्याकडे फोटो-मापं पाठवून मंजूर करून घेतलेला आराखडा. आणि फोटो: पॅच बसण्याआधीचे. बसल्यानंतरचे फोटो सगळेच काढतात, छान रंगवलेले. त्यांचा कुणाला काही उपयोग नाही.

एक गोष्ट तर हमखास सुटते, दुरुस्तीची कॅटेगरी. ए म्हणजे कायमची, बी म्हणजे कायमची पण ठरावीक काळाने तपासायची, सी म्हणजे तात्पुरती, मुदतीत बदलायची. कार्डावर नुसतं "अ‍ॅज पर एसआरएम" लिहिलं आणि दुरुस्ती निघाली बी, तर पुढच्या तपासण्या विमानाच्या कार्यक्रमात चढणारच नाहीत. कुणी मुद्दाम वगळल्या असंही नाही, त्या आहेत हेच कुणाला कळणार नाही. तुझ्या पॅचची कॅटेगरी कुठली? पत्रात नाही. विचार. आणि हा कागद दोन-तीन वर्षांनी रद्दीत जात नाही. विमानावरच्या दुरुस्त्यांची स्थिती विमान सेवेतून कायमचं बाहेर पडल्यानंतरही बारा महिने जपायची असते. आपल्याकडे विमानं बहुतेक भाड्याची. मुदत संपून परत देताना मालकाची माणसं येतात आणि एकेका पॅचवर बोट ठेवून मूळ सह्यांचे कागद मागतात. धंद्यात त्याला डर्टी फिंगरप्रिंट म्हणतात, तेलकट बोटांचे ठसे असलेले खरे कागद. ते नसतील तर चांगला पॅचसुद्धा उखडून पुन्हा करायची वेळ येते.

माझंही एक सांगतो, म्हणजे काका पुस्तकातलं बोलतो असं वाटायला नको. नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष. पावसाळ्याची रात्र, हँगरच्या दारातून पाणी आत येतंय. एका पॅनेलचे स्क्रू मी काढून पिशवीत बांधले, काम अर्धं राहिलं, पाळी संपली. पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि निघालो. लिहिलं काहीच नाही. सांताक्रूझला गाडी पकडली, बसायला जागा मिळाली, डोळा लागणार तेवढ्यात आठवलं. वांद्र्याला उतरलो, उलटी गाडी पकडून परत. पॅनेल जागेवर लागलेलं, अर्ध्या स्क्रूंवर. कुणीतरी चांगुलपणाने, सापडले तेवढे लावून टाकले होते. माझी पिशवी कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याखाली. पुढे काही वर्षांनी, ११ सप्टेंबर १९९१ ला, टेक्सासमध्ये काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एक विमान पडलं. चौदा मृत्यू. शेपटीच्या आडव्या पंखाच्या डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू आदल्या रात्री काढलेले होते आणि पाळी बदलताना ते कागदावर उतरलेच नव्हते. बातमी वाचली तेव्हा मला वांद्र्याचा फलाट आठवला. अजूनही आठवतो.

तू विचारलंयस "पुढे काही झालंच तर". झालं तर असं होतं: त्या विमानाचे सगळे कागद त्याच दिवशी ताब्यात घेतले जातात. २०१२ पासून आपल्याकडे एएआयबी हा वेगळा विभाग तपास करतो. नियमांप्रमाणे त्या तपासाचा हेतू पुन्हा अपघात होऊ नये एवढाच आहे, दोष वाटणं नाही. त्यांना खरं सांगायला घाबरायचं कारण नाही. पण पोलीस वेगळे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं १०६ कलम आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे तुझी न पाहता केलेली सही एकदा समोर येईल आणि मागच्या तारखेचा रिपोर्ट दुसऱ्यांदा. दुसरा जास्त महागात पडेल. विमान जमिनीवर शाबूत असताना स्वतःहून सांगितलेली चूक आणि ढिगाऱ्यातून निघालेली चूक यांना कुठलाच चौकशी अधिकारी एका तराजूत घालत नाही. लेखी दिल्यानंतर कंपनीने त्रास दिला तर एएमईंच्या संघटनेकडे जा आणि वकिलाचा सल्ला घे. मेलची प्रत स्वतःजवळ ठेव. विमानाचे मूळ कागद मात्र घरी नेऊ नकोस, फोटोही परवानगीशिवाय बाहेर पाठवू नकोस.

मुंबईत हा विषय काढला की मला घाटकोपर दिसतं. २८ जून २०१८ ला जुहूहून दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणाला निघालेलं किंग एअर सी-९० तिथल्या बांधकामाजवळ कोसळलं. पाच जण गेले. विमानात दोन वैमानिकांसोबत एक एएमई आणि एक टेक्निशियन होते, पाचवा माणूस रस्त्याने चाललेला. ते का पडलं हा आजचा विषय नाही. पण आपल्या शहरात धावपट्टीच्या कुठल्याही टोकाकडून निघालं तरी खाली कुणाचं तरी घर असतं.

राहिले साहेब. त्यांना ही बातमी क्वालिटीकडून कळता कामा नये. मेल पाठवण्याआधी पाच मिनिटं त्यांच्यापुढे उभा राहा. परवानगी मागायला जाऊ नकोस, सांगायला जा. "साहेब, मी आज लिहून देतोय की त्या फ्रेम मी पाहिल्या नाहीत. तुम्ही पाहिल्या असतील तर तुमची नोंद तुम्ही आजच्या तारखेने लिहा, माझ्या मेलसोबत जाईल." त्यांना इभ्रतीने बाहेर पडायची एक वाट त्यात आहे. ते चिडतील. "मी तुला घडवलं आणि तू माझ्यावर उलटलास" हे वाक्य येईलच, मी पैज लावतो. ऐकून घे, उलट बोलू नकोस. पण मेल मागे घ्यायला सांगितला तर घेऊ नकोस. ज्यांनी तुला ड्रिल नव्वद अंशात धरायला शिकवलं त्यांना मनातून ठाऊक आहे तू काय करतोयस. दीड वर्षाने पेन्शनीत गेल्यावर ते तुला काय म्हणतील ते मी आत्ताच सांगत नाही, कदाचित काहीच म्हणणार नाहीत.

आणि एक काम. लायनिंग उघडतील तेव्हा तू तिथे हजर राहा, सुट्टी असली तरी. टॉर्च आणि आरसा स्वतःचा ने, हँगरमधला आरसा कायम तडकलेला असतो. फ्रेमच्या दोन्ही बाजू बघ, क्लिपांच्या कोपऱ्यात बोट फिरव, शंका वाटली तर एनडीटीवाल्याला, म्हणजे भाग न मोडता आतल्या भेगा तपासणाऱ्याला, बोलाव. जे दिसेल ते मापांसकट लिही, चांगलं दिसलं तरी तेवढंच सविस्तर. खाली सही कर आणि त्या दिवसाचीच तारीख घाल.